चुकल्याचुकल्यासारखं

आठवीच्या वर्गाला मी फळ्यावर 'मिस' हे क्रियापद लिहून दिलं होतं आणि त्यावर पाच वाक्यं करायला सांगितली होती. बहुतेकांच्या वह्यांत बस निघून गेली होती, रेल्वे निघून गेली होती. रेल्वे त्या गावातल्या निम्म्या मुलांनी डोळ्यांनी पाहिलेली नव्हती, पण पुस्तकातल्या उदाहरणात ती होती म्हणून वहीतही आली. एका मुलीनं मात्र दोनच वाक्यं लिहिली होती. 'आय मिस्ड द ट्रक. आय मिस माय मदर.' खाली तीन ओळी कोऱ्या. दोन्ही वाक्यांवर मी बरोबरची खूण केली, कोऱ्या ओळींचे गुण कापले आणि वही गठ्ठ्यात ठेवली.

ही 2008 सालची गोष्ट. बीड जिल्ह्यातल्या बालाघाटच्या डोंगरपट्ट्यात मी तेव्हा इंग्रजी शिकवत होते. त्या भागात शाळेचं वर्ष दोन तुकड्यांत चालतं, एक दसऱ्याआधीचं आणि एक दसऱ्यानंतरचं. दसरा झाला की मुकादमाचे ट्रक आणि ट्रॅक्टर गावात येतात आणि ऊसतोडीला जाणारी माणसं टोळ्याटोळ्यांनी निघून जातात. नवरा-बायकोच्या जोडीला तिकडं 'कोयता' म्हणतात. अमक्या टोळीत किती कोयते, असंच विचारतात. उचल, म्हणजे मजुरीपोटी आगाऊ रक्कम, आधीच घेतलेली असते; ती फिटेपर्यंत उसाच्या फडाजवळ पाचटाच्या कोप्यांत राहायचं. हंगाम संपून माणसं परत येतात तेव्हा उन्हाळा लागलेला असतो. लहान लेकरं आईबापांबरोबर जातात. शाळेची गोडी लागलेली, जरा मोठी झालेली, ती आजी-आजोबांजवळ मागं राहतात. दिवाळीनंतर वर्गात बसायला गेलं की अर्धे बाक रिकामे दिसायचे आणि जी मुलं होती त्यांच्यातही काहीतरी कमी झालेलं असायचं.

वह्या परत दिल्या त्या दिवशी ती माझ्या टेबलापाशी आली. गुणांबद्दल तिची तक्रार नव्हती. तिनं विचारलं, "बाई, हे दोन्ही मिस एकच हायेत का येगळे?"

मी म्हटलं, स्पेलिंग एक, अर्थ दोन. पहिला वाच्यार्थ, दुसरा लाक्षणिक. गाडी सुटली तर पहिला, आठवण आली तर दुसरा. दोन्ही पाठ करून ठेव, परीक्षेत गोंधळ होणार नाही.

ती थोडा वेळ वहीकडं पाहत राहिली. "मला एकच वाटलं," एवढं म्हणून जागेवर जाऊन बसली.

त्या वेळी मला हे उत्तर पुरेसं वाटलं होतं. ते पुरेसं नव्हतं, हे कळायला मला बरीच वर्षं लागली. ती चुटपुट अजून आहे, म्हणून हे लिहिते आहे.

इंग्रजीतलं 'मिस' हे फार जुनं क्रियापद आहे. जुन्या इंग्रजीत त्याचं रूप 'मिसन' होतं आणि अर्थ होता नेम न लागणं, हाती न येणं. 'मिस्टेक', 'मिसफॉर्च्युन' यांच्या सुरुवातीला असलेलं 'मिस' याच घराण्यातलं. (शाळेतल्या बाईंना 'मिस' म्हणतात तो शब्द वेगळा, तो 'मिस्ट्रेस'मधून आला.) पुढं या क्रियापदाला दुसरी छटा आली. एखादी वस्तू जागेवर नाही हे ध्यानात येणं. बटव्यात हात घातला आणि नाणं नाही, कळपात मोजलं आणि मेंढरू नाही. त्यानंतर पंधराव्या शतकाच्या अखेरीला तिसरी छटा दिसू लागते, ती आपल्या ओळखीची. जे नाही त्याच्यासाठी जीव कासावीस होणं. म्हणजे आधी हातातून सुटलं, मग सुटल्याचं कळलं, मग ते सोसेना. एकाच घटनेतल्या या तीन पायऱ्या आहेत. मी मुलांना पहिली आणि तिसरी तेवढी दाखवली, मधली पायरी काढून घेतली, आणि वर त्यांना दोन्ही टोकं पाठ करायला सांगितली.

एम. ए. करताना 'बेओवुल्फ' हे जुनं इंग्रजी काव्य आम्हाला भाषांतरातून वाचावं लागलं होतं. तीन हजारांहून अधिक ओळींचं हे काव्य ज्या एकाच हस्तलिखितात टिकलं, ते इसवी सन 1000च्या आसपासचं आहे. राक्षस आणि ड्रॅगन यांच्याशी लढणाऱ्या वीराची कथा म्हणून ते प्रसिद्ध आहे आणि परीक्षेत त्या लढायांवरच प्रश्न यायचे. उत्तरार्धात एक छोटी उपकथा येते, ती मी तेव्हा वाचून पुढं गेले होते. खूप वर्षांनी 'मिस'चं मूळ शोधताना मी परत तिच्यापाशी येऊन थांबले.

गीट लोकांचा राजा ह्रेथेल. त्याला तीन मुलगे. त्यातल्या हॅथ्किननं धनुष्यातून बाण सोडला. बाण लक्ष्याला लागला नाही, थोरल्या भावाला, हेरेबाल्डला लागला. भावाच्या हातून भाऊ गेला. मूळ ओळीत 'मिस्टे' असं रूप आहे, 'मिस'चा भूतकाळ. नेम चुकला, एवढाच त्याचा तिथं अर्थ.

त्या समाजात खुनाचा बदला घ्यायचा किंवा खुनाची भरपाई घ्यायची, अशी रीत होती. बापानं बदला कुणाचा घ्यायचा? मारणाराही त्याचाच मुलगा. भरपाई कुणाकडून मागायची? कवी म्हणतो, पैशानं न मिटणारं असं हे भांडण होतं. मग तो एक उपमा देतो. ज्याचा तरुण मुलगा फासावर गेला आहे असा एक म्हातारा. रोज सकाळी त्याला मुलगा नाही हे नव्यानं आठवतं. तो मुलाच्या घराकडं पाहतो. जिथं लोक बसून पीत, हसत, ते दालन ओसाड पडलेलं, तिथं वारा फिरतोय. तो परत येऊन अंथरुणावर पडतो, एकटाच शोकगीत म्हणतो आणि त्याला सगळंच फार ऐसपैस वाटू लागतं, शेतंही आणि घरही. ह्रेथेलचं तसंच झालं, असं कवी सांगतो. त्या दुःखातच तो गेला.

घर फार ऐसपैस वाटणं! आपण म्हणतो, घर खायला उठतं. माणूस गेल्यावर घराचं माप बदलतं हे त्या कवीला ठाऊक होतं. बापाच्या या दुःखासाठी त्यानं 'मिस' हे क्रियापद वापरलेलं नाही. त्याच्या काळात त्या शब्दाला तो अर्थ अजून आलेला नव्हता. शब्द फक्त बाणाजवळ आहे. बाणाजवळचा तो शब्द बापापाशी पोचायला भाषेला पुढची चार-पाचशे वर्षं लागली. मला हे वाचताना अंगावर काटा आला, कारण कथेत ते अंतर पाच-पन्नास ओळींचंही नाही. नेम चुकला, आणि बाप उरलेला जन्म चुकल्यासारखा जगला.

हे वाक्य मी सहज लिहून गेले, आणि 'चुकला' या शब्दावर येऊन थबकले. कारण मराठीनं हाच प्रवास केलेला आहे आणि तो आपल्या घरात रोज चालू आहे.

नेम चुकतो. गाडी चुकते. वाट चुकते. काळजाचा ठोका चुकतो. बाईची पाळी चुकते. यातल्या प्रत्येक ठिकाणी इंग्रजीत 'मिस' चालतं, आणि कुणी कुणाकडून भाषांतर करून घेतलेलं नाही. मरण कुणाला चुकलेलं नाही, असं आपण म्हणतो. जत्रेत मायलेकरांची चुकामूक होते. दोघंही एकमेकांना शोधत असतात आणि दोघंही चुकलेले असतात, हे एका शब्दात सांगणारी 'चुकामूक' मला मराठीतली फार मोठी ठेव वाटते. संध्याकाळी गुरं परतली आणि एक वासरू आलं नाही की ते चुकलेलं वासरू. इथं कुणाचीही चूक नाही. चुकणं म्हणजे अपराध करणं हा अर्थ आपल्या डोक्यात शाळेनं, लाल शाईनं इतका घट्ट बसवला आहे की 'चुकलं' म्हटलं की आपल्याला गुण कापलेलेच दिसतात. मूळचा शब्द त्याहून मऊ आहे. बाराव्या शतकात हेमचंद्रानं प्राकृताचं व्याकरण लिहिलं. संस्कृतातल्या 'भ्रंश्' धातूच्या जागी प्राकृतात कोणकोणती रूपं येतात, याची यादी त्यानं एका सूत्रात दिली आहे. 'भ्रंश्' म्हणजे घसरणं, निसटून खाली पडणं. त्या यादीच्या शेवटी दोन शब्द शेजारी शेजारी येतात, 'चुक्क' आणि 'भुल्ल'. आज आपण बिलाच्या तळाशी 'चूकभूल द्यावी घ्यावी' छापतो तेव्हा ते दोघं अजून हातात हात घालून उभे असतात. त्याच सूत्रात 'फिट्ट'ही आहे. उचल फिटली, असं ऊसतोडीची माणसं म्हणतात तेव्हा तेही त्याच ओळीतलं बोलत असतात.

मग निसटण्यापासून झुरण्यापर्यंत मराठी कधी पोचली? निश्चित सुरुवात सांगणं अवघड आहे, पण सतराव्या शतकात तुकोबांच्या अभंगात ती पोचलेली दिसते. सासरी जाणारी मुलगी मागं वळून वळून पाहते, त्या अभंगात पुढं ओळ येते: 'चुकलिया माये । बाळ हुरू हुरू पाहे.' आईची चुकामूक झालेलं बाळ. इथं 'चुकणं' अजून वाच्यार्थानंच आलं आहे, आई खरोखरच दिसेनाशी झाली आहे. लगेच दुसऱ्या अर्ध्यात 'हुरू हुरू' येतं, ज्यातली हुरहूर आपण अजून वापरतो. निसटणं आणि झुरणं एका ओळीत, मध्ये फक्त एक दंड. इंग्रजी कोशात ज्या पायऱ्यांना शतकं लागलेली दिसतात त्या तुकोबांनी दोन श्वासांत चढून दाखवल्या.

आणि घरातल्या बायकांनी तर त्याचा स्वतंत्र शब्दच करून ठेवला. चुकल्याचुकल्यासारखं. माझी आई हे नेहमी म्हणायची. चार दिवस राहून मी निघाले की दारात येऊन म्हणायची, "आता दोन दिवस चुकल्याचुकल्यासारखं होईल बघ." मी कितीदा ऐकलं असेल, पण त्या शब्दाच्या आत कधी डोकावले नाही. 'आय मिस यू' या वाक्यात एक 'मी' आहे, एक 'तू' आहे, आणि जे नाही ते 'तू' आहे. आईच्या वाक्यात 'तू' नाहीच. कोण चुकलं हेही सांगितलेलं नाही. गेलेली मी, पण चुकल्यासारखं होतंय आईला, स्वतःच्याच घरात, स्वतःच्याच ओट्यापाशी. कप कुठं ठेवला ते आठवत नाही, भात एका माणसाचा जास्त होतो, संध्याकाळी उगीच दारापर्यंत जाऊन यावंसं वाटतं. मागं राहिलेलं माणूसच वाट चुकलेलं असतं. इतकं बारीक निरीक्षण 'मिस'मध्ये मला सापडलेलं नाही. 'सारखं' हे शेपूटही किती जपून लावलेलं आहे! चुकले असं ती म्हणत नाही, कारण तसं म्हटलं तर मुलीला परत फिरावंसं वाटेल.

'मिस करणे' मराठीत आलं आहे आणि मला त्याचा राग नाही. भाषा ज्या रीतीनं त्याला सामावून घेते ते पाहण्यासारखं आहे. आपण म्हणतो, बस मिस झाली. आणि म्हणतो, मी तुला मिस करते. बस 'होते', माणूस 'करावं' लागतं. 'तू मला मिस झालीस' असं कुणी झुरण्याच्या अर्थानं म्हणत नाही. मराठीच्या जुन्या सवयीप्रमाणं पाहिलं तर हे उलटंच आहे, कारण आपल्याकडं भावना माणसाला 'होतात', 'येतात', 'लागतात'. मला भूक लागते, मला तुझी आठवण येते; आठवण ही येणारी पाहुणी, मी नुसती दार उघडणारी. म्हणून तर मुलं 'आठवण येते'चं इंग्रजी करताना 'युवर मेमरी इज कमिंग' लिहायची आणि मी ते खोडायची. फ्रेंचमध्येही काहीसं असंच आहे असं पुढं वाचलं. गाडी चुकायला आणि माणसासाठी झुरायला तिथंही क्रियापद एकच, आणि झुरण्याच्या वाक्यात कर्ता असतो तो जवळ नसलेला माणूस. 'तू मला उणा पडतोस' अशा धाटणीचं. खोडलेल्या त्या वाक्यांत मुलांच्या भाषेचं एक पूर्ण शहाणपण होतं, ते मला तेव्हा त्यांना सांगता आलं असतं.

माझी भाची फोन ठेवताना 'मिस यू मावशी' म्हणते. ती मनापासून म्हणते हे मला आवाजावरून कळतं. पण नऊ अक्षरांचं 'चुकल्याचुकल्यासारखं' घाईत म्हणताच येत नाही. ते म्हणायला उंबऱ्यावर थांबावं लागतं. तो थांबा कमी होत चालला आहे, याचं मला वाईट वाटतं.

आता परत त्या ट्रकपाशी.

गुढीपाडव्याच्या सुमारास मी त्या मुलीच्या घरी गेले होते, हजेरी कमी होत चालली होती म्हणून. मुलगी पाण्याला गेली होती. आजी दारात तुरीच्या काड्यांचा झाडू बांधत बसली होती. बोलता बोलता ट्रकचा विषय निघाला. मी म्हटलं, पोरीला त्या दिवशी जाग आली नाही, ट्रक चुकला, तिनं वहीत लिहिलंय.

आजी म्हणाली, "चुकला कशाचा बाई. चुकवला."

आदल्या रात्रीच तिची आई सगळं सामान बाहेर काढून ठेवून आली होती, भांड्यांचा आवाज होऊ नये म्हणून. धाकट्याला झोपेतच उचललं. पहाटे ट्रक गावात न आणता फाट्यावर उभा करायला लावला. हिला उठवलं असतं तर ही मागं पळाली असती. आदल्या वर्षी पळाली होती, पार ओढ्यापर्यंत. शाळा सुटू नये म्हणून मायनं लेकीची नजर चुकवली. सकाळी ही उठली तेव्हा अंगणात चुलीची राख तेवढी होती. "पोरगी काय बोलली न्हाई. दिवसभर नुसती आत-बाहेर, आत-बाहेर. चुकल्यावानी."

इंग्रजीत 'मिस' एकच आहे. मराठीत 'चुकणं' आहे आणि 'चुकवणं' आहे. ती मुलगी इंग्रजीत लिहीत होती म्हणून तिला 'आय मिस्ड द ट्रक' एवढंच लिहिता आलं. ट्रक तिच्यापासून चुकवला गेला, चुकवणारी तिची आई होती, आणि ते तिच्याच भल्यासाठी होतं, हे सगळं त्या चार शब्दांत मावलं नाही. तरीही दुसरं वाक्य तिनं पहिल्याच्या अगदी शेजारी लिहिलं होतं. ट्रक आणि माय तिच्या लेखी एकच होतं, तीच एक पहाट. माझ्या वाच्यार्थ-लक्ष्यार्थाच्या भिंतीनं तिला काय सांगितलं असेल, कोण जाणे.

आजीकडं मुलानं ठेवून दिलेला एक साधा फोन होता. कोनाड्यात, कुंकवाच्या डबीशेजारी. देशात आलेला कॉल घेणं 2003 सालापासून फुकट झालं होतं, पण करणाऱ्याला पैसे पडायचेच, आणि फडावर एकेक रुपया मोजूनच जायचा. म्हणून ठरलेलं होतं. रोज रात्री जेवणं झाली की तिकडून मिसकॉल येणार. एकदा वाजून थांबला तर सगळं ठीक. पाठोपाठ दोनदा आला तर काहीतरी झालंय, कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन फोन लावायचा. कॉल उचलायचा मात्र नाही. उचलला की तिकडचे पैसे गेले. कोल्हापूरच्या बाजूला कुठल्याशा फडावर आई बटण दाबायची आणि इथं आजी-नात फोनकडं पाहत बसायच्या, तो वाजून थांबेपर्यंत. चुकवण्यासाठीच केलेला कॉल, आणि त्याची वाट पाहत जेवण लवकर उरकलेलं.

"सहा महिने एकदा बी उचलला न्हाई आम्ही," आजी सांगत होती. "परवा मात्र हिनं उचललाच."

मी विचारलं, काय बोलली?

"कोण बोलतंय. ही गप, तिकडं तिची माय गप. म्या म्हनलं, आगं ठेव, पैशे तुटायलेत. तर तिकडूनच आवाज आला, जेवलीस का म्हणून. ही म्हनली, व्हय. मग म्हनली, काय केलं व्हतं. ही म्हनली, पिठलं. असंच. बॅलन्स संपून कट झाला तवा ठेवला."

तेवढ्यात मुलगी घागर घेऊन आली. मला पाहून ओशाळली, घागर उतरवून ठेवली आणि पदराला हात पुसत असलेल्या आजीकडं बघून म्हणाली, "आज येईल का गं अजून?"

"अजून ऊन हाय," आजी म्हणाली. "रातच्याला येतो तो."